सरकारी निधीतून कपाटंच येतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई निफाड तालुक्यातल्या, सध्या नाशिकच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. घरी वडिलांची २५ टनांची कांदाचाळ. आत सड लागली की बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून चाळीत सेन्सर बसवायचे आणि त्यांच्या आकड्यांवरून आधीच इशारा देणारा प्रोग्राम तयार करायचा, असा त्यांचा विचार. त्यासाठी सरकारी संशोधन निधी मागावा का, कुठे मागावा आणि कसा? विभागप्रमुखांनी सांगितलंय, ‘‘त्या फंदात पडू नका. सरकारी पैशातून कपाटं येतात, कॉम्प्युटर येतात, संशोधन येत नाही.’’

विभागप्रमुखांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि त्या निम्म्याबद्दल मी त्यांच्याशी भांडणार नाही. मी स्वतः पंचवीसेक वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, सरकारी निधीचे सहा प्रकल्प केले आणि नंतर दुसऱ्यांचे प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांवरही बसलो. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला ऑसिलोस्कोप, त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला डेड स्टॉकचा नंबर आणि फक्त तपासणी समिती येणार त्या दिवशी निघणारं कव्हर, हे दृश्य मी इतक्या प्रयोगशाळांत पाहिलंय की कॉलेजचं नाव झाकलं तर ओळखू यायचं नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी लांब जायला नको, लासलगावला जा. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे, २००२ साली सुरू झालेलं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा हलका डोस दिला की साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटत नाहीत. विज्ञान पक्कं, जागाही बरोबर निवडलेली. पण किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. शिवाय कांदा चाळीतून काढायचा, ट्रॉलीत भरायचा, केंद्रावर न्यायचा, परत आणायचा, आणि एवढं करून पुढे भाव काय मिळेल हे कुणीच सांगायचं नाही. चाळवाल्यांची काही तिथे रीघ लागली नाही. मग २००७ मध्ये काय झालं? अमेरिकेला आंबा पाठवायचा तर फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांचा बंदोबस्त दाखवावा लागतो, त्यासाठी किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) डोस लागतो, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने मान्यता दिलेलं देशातलं पहिलं केंद्र निघालं ते हे, लासलगावचं. बांधलं कांद्यासाठी, नाव झालं आंब्यामुळे.

याला फसलेला प्रकल्प म्हणायचं का? मी म्हणणार नाही. सार्वजनिक पैशातून चालणारं संशोधन बहुतेक वेळा असंच चालतं. अर्जात लिहिलेलं हाती लागेलच असं नाही, पण शेजारचं काहीतरी लागतं, आणि ते वापरायला माणसं आणि सोय तिथे उभी असली तरच लागतं.

संगणकाच्या बाबतीतही हेच. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली. विजय भटकर प्रमुख, तीन वर्षांची मुदत, साधारण ३० कोटी रुपये. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला आणि पेपरांचे मथळे भरले. ते यंत्र आज कुणी चालवत नाही, चालवायचं कारणही नाही. पण त्याच छपराखाली एक वेगळं काम चाललं होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट, म्हणजे संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं तंत्र. त्याच खटाटोपात घडलेली इस्की ही संकेतप्रणाली, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देण्याची पद्धत, १९९१ साली भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीत, देवनागरीची अक्षरं ज्या क्रमाने बसलीत तो क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. तुम्ही हा प्रश्न मोबाइलवर मराठीत टंकलात, त्यातल्या प्रत्येक अक्षरामागे तो जुना सरकारी खर्च आहे. मथळे मात्र परमचे.

दुसरं उदाहरण तुमच्या चाळीच्या जास्त जवळचं आहे. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार-संशोधन संस्था निघाली. तिच्यामागचे सूत्रधार सॅम पित्रोदा यांनी ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये मागितल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागायची. आपल्याकडे तालुक्याच्या गावी खोली मिळेल, पण त्यात एसी कुठला आणि तो चालवायला वीज कुठली? म्हणून एसीशिवाय, उन्हाधुळीत चालेल असंच एक्स्चेंज बनवायचं, हा मुळातला प्रश्न. टेलिफोन एक्स्चेंज जगात होतंच, आपल्या हवेत टिकणारं नव्हतं. सेन्सरचंही तसंच आहे. बाजारात ढिगाने मिळतात, पण उन्हाळ कांद्याच्या चाळीत एप्रिलपासून दिवाळीपर्यंत तग धरणारा मला अजून भेटायचा आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी हेच करून पाहिलं. पैसा एका सरकारी संस्थेचा होता, नाव घेत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं येणार आहे. पिंपळगावच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याची दुपाखी चाळ होती. प्रत्येक पाखीत सहा ठिकाणी एमक्यू मालिकेतले गॅस सेन्सर आणि तापमान-आर्द्रतेचे सेन्सर बसवले. प्रस्तावात मी ऐटीत लिहिलं होतं, ‘बॅटरीवर चालणारं बिनतारी जाळं’. आता हिशेब बघा. या गॅस सेन्सरच्या आत एक छोटा हीटर असतो, तो साधारण पाऊण वॅट खातो. दिवसाचे झाले अठरा वॅट-तास. लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसला एक लिथियम सेल दहा वॅट-तासांच्या आतबाहेर देतो, म्हणजे तेरा-चौदा तासांत सेल झोपला. हा हिशेब मी प्रस्ताव लिहिण्याआधी करायला हवा होता. केला चाळीत, मे महिन्यात, बनियन भिजलेला असताना. मग बिनतारी जाळ्याला वायरी आल्या. वायरी आल्या तसे उंदीर आले.

सेन्सरचं पुढचं दुखणं जास्त चिवट निघालं. पहिला पाऊस पडला, हवेतली आर्द्रता चढली आणि सगळे गॅस सेन्सर एकदम ‘सड, सड’ म्हणून ओरडायला लागले. ही जात गॅसइतकीच ओलीलाही भुलते. जुलैत खरी सड सुरू झाली तोवर निम्म्या सेन्सरचे पाय गंजलेले होते. कांदा कुजताना गंधकाची जी संयुगं सुटतात, ती तांब्याला आणि सोल्डरला काही गोड नसतात.

आणि या सगळ्यात चाळमालक काय करायचे? सकाळी चहा घेऊन यायचे, बांबूच्या पट्ट्यांमधून हात आत घालायचे, बोटांचा वास घ्यायचे आणि सांगायचे, ‘‘सर, तिसऱ्या कप्प्यात खालच्या थराला ओल धरलीय.’’ आमच्या आलेखात त्याचं चिन्ह दोन-तीन दिवसांनी उमटायचं, तेही उमटलं तर. प्रकल्पाच्या विद्यावेतनावर काम करणारा जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) मुलगा पहिल्यांदा खट्टू झाला, मग त्याने हुशारी केली. त्यांच्या प्रत्येक वाक्याची वेळ आणि कप्पा वहीत टिपायला लागला. तीन हंगामांनंतर आमच्याकडे चालणारं यंत्र नव्हतं. पण तापमान, आर्द्रता, दर पंधरा दिवसांची वजनं आणि शेजारी ‘वास आला / नाही आला’ ही नोंद, असा साठा होता. आजही तोच सर्वांत मोलाचा वाटतो. तेव्हा मात्र आम्ही अहवालात त्याला एक परिशिष्ट दिलं आणि अठरा पानं सर्किटवर खर्च केली. साठा असलेली हार्ड डिस्क विभागाच्या कपाटात गेली. तुमच्या विभागप्रमुखांचं कपाट ते हेच!

म्हणून प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा शीर्षकात यंत्र नको. ‘कांदा चाळीसाठी आयओटीवर आधारित स्मार्ट देखरेख प्रणाली’ (आयओटी म्हणजे वस्तूंचं इंटरनेट, इंटरनेटला जोडलेली उपकरणं) अशा नावाचे प्रस्ताव समितीसमोर गठ्ठ्याने येतात, आणि तपासणारा पहिल्या पानावरच थकलेला असतो. तुमचा खरा प्रश्न असा आहे: सड सुरू झाल्यापासून बाहेर वास येईपर्यंतच्या काळात चाळीत असं काय बदलतं, की जे पावसाळी हवेतही ओळखू येईल? उष्णता? ओलीचा थराथरांतला फरक? एखादा विशिष्ट वायू? हे पक्कं ठाऊक झालं की यंत्र कुणीही बनवेल, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत ते बनवणारे कारखाने आहेत. ठाऊक करून घेण्याचे पैसे मात्र कुठला कारखानदार देणार नाही, आणि त्याने का द्यावेत? सार्वजनिक पैसा त्या कामाचा.

त्याच कारणाने अंदाजपत्रकात यंत्रसामग्रीवर निम्म्याहून जास्त रक्कम दिसली की माझी भुवई वर जायची. माणसावर खर्च मागा. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि वाजवी वेळात ओळखण्याची रीत शोधली. जगभर गाजलेलं काम. त्यात कसली सामग्री लागली? कागद, फळा, दोन विद्यार्थी आणि डोक्यावर बिलाची टांगती तलवार नसलेले महिने. तुम्हाला चाळीत सहा महिने रोज जाणारा एक मुलगा किंवा मुलगी हवी. जेआरएफचं विद्यावेतन २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं आहे. दोन वर्षांचा हिशेब धरलात तर तीच तुमच्या अंदाजपत्रकातली सर्वांत मोठी ओळ होईल, आणि व्हावी.

आता मागायचं कुठे. आकडे ऐकून बिचकू नका आणि हुरळूनही जाऊ नका. राष्ट्रीय क्वांटम मिशन ६,००३ कोटींचं, महासंगणक मिशन ४,५०० कोटींचं, इंडिया एआय मिशन १०,३७१ कोटींचं. यांतलं बहुतेक मोठ्या संस्थांच्या वाट्याचं असतं, आणि तुम्हाला ते लागतही नाही. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन-विकास योजनेबद्दल कॉलेजांत बरीच कुजबुज ऐकू येते. ते अनुदान नव्हे. खाजगी उद्योगांसाठी अल्प किंवा शून्य व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज आणि भागभांडवल आहे, तेही बऱ्यापैकी तयार झालेल्या तंत्रज्ञानासाठी. तुमचं काम अजून त्या पायरीच्या खूप खाली आहे.

तुम्ही नियमित पदावर असाल तर पहिलं दार अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचं, म्हणजे एएनआरएफचं. २०२३ च्या कायद्याने ते आलं आणि पूर्वीचं एसईआरबी, म्हणजे केंद्राचं विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी असं जाहीर झालंय, पण त्यात सरकारचे १४,००० कोटी, बाकी मुख्यतः उद्योगांकडून आणि देणग्यांतून यायचे आहेत, हे लक्षात असू द्या. एकट्याने गेलात तर खाजगी कॉलेजचा पत्ता बघून तपासणाऱ्याच्या मनात शंका येते. अन्याय आहे, पण आहे. म्हणून जोडीदार घ्या. कांद्यासाठी राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, आणि आपल्या नाशिकजवळच राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान, एनएचआरडीएफ. सेन्सरच्या बाजूसाठी आयआयटी मुंबईत वस्तूंच्या इंटरनेटवरचं तंत्रज्ञान केंद्र आहे, २०१८ साली मंजूर झालेल्या ३,६६० कोटींच्या सायबर-भौतिक (म्हणजे सेन्सर, संगणक आणि यंत्रं एकत्र जोडण्याच्या) मिशनमधल्या पंचवीस केंद्रांपैकी एक. त्याच मिशनमध्ये आयआयटी रोपडचं केंद्र शेती आणि पाण्यावर काम करतं. एक पत्र लिहा, मग फोन करा, मग समक्ष जाऊन भेटा. क्रम हाच, आणि तिसरी पायरी गाळू नका.

पद कंत्राटी असेल किंवा नमुना-यंत्रच करायचं असेल तर निधी-प्रयास बघा. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना इन्क्युबेशन केंद्रांमार्फत, म्हणजे नवउद्योगांना हात देणाऱ्या केंद्रांमार्फत, नमुन्यासाठी दहा लाखांपर्यंत देते. कंपन्यांच्या सामाजिक निधीचं तुम्ही विचारलंत. तो लवकर मिळतो. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणाऱ्या ‘कुंभथॉन’ या उपक्रमामुळे नाशिकच्या पोरांनी काही महिन्यांत गर्दी मोजणाऱ्या पायाखालच्या चटयांपर्यंत मजल मारली होती, ती सरकारी फायलीतून कधीच झाली नसती. पण तो पैसा दिसेल अशी वस्तू मागतो. तीन हंगाम नुसत्या नोंदी घ्यायला तो थांबत नाही.

मंजुरीपत्र आल्यावर खरा अभ्यास सुरू होतो, अकाउंट्स विभागाचा. पैसा हप्त्याने येतो. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, गेल्याशिवाय दुसरा हलत नाही. ३१ मार्चला खातं बंद होतं, न खर्चलेल्या पैशावरचं व्याजसुद्धा सरकारजमा करावं लागतं. आता बहुतेक सगळं पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवर, चालतं, त्यामुळे लपवाछपवी कमी झाली आणि पासवर्ड विसरण्याचे प्रसंग वाढले. माझ्या चाळीच्या प्रकल्पात दुसरा हप्ता सात महिने उशिरा आला. यूसीवर एका जागी सही निळ्या शाईत हवी होती, काळ्यात होती, म्हणून ते परत आलं होतं आणि टपालात पडून होतं. त्या सात महिन्यांत जेआरएफला पगार नव्हता. तीन महिने मी खिशातून दिले, चौथ्या महिन्यात तो हिंजवडीला नोकरीला गेला. त्याला मी थांबवलं नाही. वासाच्या नोंदींची ती वही त्याने जाताना पुस्तक बांधतात तशी कव्हर घालून दिली.

त्यातून शिकलो ते इतकंच. कॉलेजच्या व्यवस्थापनाकडून आधीच लेखी घ्या की हप्ता लांबला तर सहा महिन्यांचं विद्यावेतन ते उचल म्हणून देतील आणि नंतर वळतं करून घेतील. तयार नसतील तर जोडीदार संस्थेला मुख्य करा आणि स्वतः सहसंशोधक व्हा. मान थोडा कमी, झोप जास्त.

महासंगणकाचा वेळ किंवा क्लाउड मागायचा का, असंही विचारलंय. हिशेब करा. चाळीस सेन्सर, दर दहा मिनिटांनी एक नोंद, सहा महिने. साधारण साडेदहा लाख नोंदी होतात. एका नोंदीला वीस बाइट धरले तर एकवीस एमबी, लग्नातल्या दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओएवढं. तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप पुरतो. डीप लर्निंगचा, म्हणजे ढिगाने उदाहरणं देऊन संगणकाला शिकवण्याच्या तंत्राचा, उल्लेख प्रस्तावात केलात तर कुणी खूश होईल, पण माहीतगार माणूस विचारेल की सडीच्या घटना किती? तीन चाळी, दोन हंगाम, म्हणजे फार तर वीस-तीस. तेवढ्या उदाहरणांवर संगणक काय शिकणार? साध्या संख्याशास्त्राने सुरुवात करा. आणि नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवण्याचं प्रस्तावातच लिहून टाका, चाळमालकाची लेखी परवानगी घेऊन. म्हणजे कपाटाची वाटच बंद.

प्रस्तावाचा निकाल लागायला सहा महिने ते वर्ष धरा. चाळी एप्रिल-मेमध्ये भरतात, त्या तुमच्या मंजुरीसाठी थांबणार नाहीत. म्हणून येत्या एप्रिलमध्ये घरच्याच चाळीत पदरचे पैसे घालून सुरुवात करा. तापमान-आर्द्रतेचे सहा सेन्सर घ्या, गॅसचे आत्ता नकोत. दहा-दहा किलो कांदा भरलेल्या नऊ जाळीच्या पिशव्या तीन कप्प्यांत, खालच्या, मधल्या आणि वरच्या थरात पुरा. काढता येतील अशी दोरी बांधून ठेवा, दर पंधरा दिवसांनी वजन करा, पिशवीतले सडके, कोंब आलेले आणि काजळी धरलेले वेगळे मोजा. काटा ग्रॅमपर्यंतचा घ्या, भंगारवाल्याचा नको. वडिलांना एक वही द्या, रोज सकाळी कुठल्या कप्प्यात कसला वास आला एवढंच लिहायला. दिवाळीपर्यंतचे ते आकडे आणि त्या वहीची चार पानं प्रस्तावाला जोडा.

आणि वायरी पहिल्या दिवसापासून लोखंडी पाइपातून न्या. पीव्हीसीचा पाइप उंदीर आठवड्यात कुरतडतात.